वाघबारस : शिवेवरच्या देवाशी झालेला करार

आश्विन वद्य द्वादशीला देशावरच्या आणि कोकणातल्या घरांतून सायंकाळी गाय-वासराची पूजा होते. त्या दिवशी पुष्कळ स्त्रिया गहू आणि मूग खात नाहीत, दूधदुभते वर्ज्य मानतात, आणि दिवाळीचा पहिला दिवा गोठ्याच्या दाराशी लागतो. ही वसुबारस सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्याच तिथीला ठाणे-पालघरच्या डोंगरपाड्यांत, नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर आणि गुजरातेतील डांगच्या रानात पूजा होते ती गाईची नव्हे. गाय मारणाऱ्या जनावराची. तेथे या तिथीचे नाव वाघबारस. बडोद्याकडील मंडळींना हे नाव नवे वाटणार नाही. गुजराती घरांतून ही तिथी वाघबारस म्हणूनच ओळखली जाते. मग त्या घरातील कोणी वाघ पाहिलेला असो वा नसो.

एकाच दिवशी एका ठिकाणी गाय पुजली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी वाघ. वरवर पाहता हा विरोध वाटतो. वास्तविक दोन्हीकडे चिंता एकच आहे, आणि ती गोठ्यातील गुरांची आहे. पावसाळा संपलेला असतो, गवत पिकलेले असते, गुरे लांबवर चरावयास जाऊ लागलेली असतात. ज्याच्या घराभोवती शेत आहे तो गाईलाच ओवाळतो. ज्याच्या घरामागे रान आहे त्याला आणखी एकाची मर्जी राखावी लागते.

या देवाला वारली, महादेव कोळी, ठाकर, कोकणा या जमाती वाघोबा किंवा वाघदेव म्हणतात. नावातील वाघ म्हणजे केवळ पट्टेवाला वाघ नव्हे. मराठी बोलीत वाघ हा शब्द मुळातच ऐसपैस आहे. पट्ट्याचा तो ढाण्या वाघ, ठिपक्यांचा तो बिबट्या वाघ, दोघेही वाघच. त्यामुळे ज्या रानांतून पट्टेवाला वाघ केव्हाच नाहीसा झाला आणि केवळ बिबळा उरला, तेथेही वाघोबाचे देवपण उणे झालेले नाही. त्याचे रूप बदलले, हक्क तेच राहिले.

त्याचे ठाणे शोधावयास देवळाकडे जाऊ नये. पुष्कळ ठिकाणी ते एखाद्या झाडाखाली, वाटेच्या कडेला, गावाची वस्ती संपून रान सुरू होते त्या शिवेवर असते. कोठे शेंदूर फासलेला साधा तांदळा, कोठे वाघाची आकृती कोरलेली शिळा. सागाच्या जाड फळीवर वाघ, त्याच्या वर सूर्य आणि चंद्र, जोडीला नाग अशी चित्रे कोरून ती फळी जमिनीत रोवण्याची रीत डांगकडे विशेष आढळते. सूर्य-चंद्र कोरण्याची ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. जुन्या दानशिलांवरही तीच चिन्हे असतात, आणि त्यांचा अर्थ चंद्रसूर्य असेतो हे वचन पाळले जावे असा असतो. वाघोबाच्या फळीवरील चिन्हांचा अर्थ तोच असेल असे ठामपणे म्हणता येत नाही. पण दानशिला ज्याने पाहिल्या आहेत त्याला तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

कारण वाघोबाच्या कथेच्या मुळाशीही एक वचनच आहे. वारली पाड्यांतून ही कथा थोड्याफार फरकाने ठिकठिकाणी सांगितली जाते. एका स्त्रीला लग्नावाचून मूल झाले. ते मूल साधे नव्हते. ते मुलाचा वाघ होई आणि वाघाचे पुन्हा मूल होई. ते वाढू लागले तशी गावातील जनावरे मरू लागली. गाव संतापले. त्याला मारून टाकावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा आई मध्ये पडली. तिने गावाची समजूत घातली आणि मुलाचीही घातली. ठरले ते असे : मुलाने गाव सोडून रानात राहावे, गावाने त्याला शिवेवर जागा द्यावी, वर्षातून एकदा त्याची पूजा करावी आणि त्याचा वाटा त्याला पोचता करावा.

या कथेत वाघाचा वध करणारा वीर नाही. वाघाला जिंकून त्यावर आरूढ होणारी देवताही नाही. वाघ हा गावचाच मुलगा आहे, आणि मध्यस्थी करणारी त्याची आई आहे. तो बाहेर गेला आहे, पण परका झालेला नाही. त्याला जे द्यावयाचे ती भीक नव्हे आणि खंडणीही नव्हे. घरातून वेगळ्या झालेल्या भावाला द्यावा तसा तो वाटा आहे. असे वाटे का द्यावे लागतात हे ज्यांच्या घरी वडिलोपार्जित जमीन आहे त्यांना निराळे सांगावयास नको.

वन्य लोक हिंस्र पशूंना भितात म्हणून त्यांना देव मानतात, असे स्पष्टीकरण पूर्वीच्या पुस्तकांतून सर्रास दिलेले आढळते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. भीती तर पटकीची, देवीची आणि दुष्काळाचीही होती. शिवाय ज्याची नुसती भीती वाटते त्याच्याशी कोणी भांडत नाही. वाघोबाशी मात्र लोक भांडतात. पूजा नीट केली असूनही शेळी गेली तर भगताला विचारले जाते की चूक कोणाची, आपली की त्याची. पूजेत कसूर झाली असेल तर नुकसान सोसावयाचे. कित्येकदा कसूर नसली तरीही, त्यालाही पोट आहे, असे म्हणून सोडून द्यावयाचे. अनेक हिंस्रपशुपूजक समाजांत हाच सूर आढळतो. देव सर्वशक्तिमान नाही, सर्वज्ञ नाही, दयाळू तर मुळीच नाही. तो शेजारी आहे, आणि शेजाऱ्याशी जसे ठरवून घ्यावे लागते तसे त्याच्याशी ठरवून घेतलेले आहे.

वाघबारशीचा विधी पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. या सणाचे खरे मानकरी गुराखी पोरे. कारण वाघाची गाठ प्रथम पडते ती त्यांच्याशी. ती घरोघर जाऊन तांदूळ, गूळ, दूध असा शिधा मागतात. वाघोबाच्या ठाण्यापाशी चूल मांडून खीर शिजते. भगत शेंदूर लावतो, नारळ फुटतो, ऐपतीप्रमाणे कोंबडा किंवा बकरा पडतो. अकोल्याकडील काही गावांत यानंतर एक पोर वाघाचे सोंग घेते. बाकीची पोरे त्याला गराडा घालून दरडावून विचारतात की, आमच्या शिवारात येशील काय? सोंगाचा वाघ नाही नाही म्हणत पळत सुटतो आणि पोरे त्याचा पाठलाग करतात. हा खेळ आहे हे पोरांना ठाऊक असते, म्हाताऱ्यांनाही ठाऊक असते. तरी तो दरवर्षी व्हावा लागतो. करारनाम्यावर दोन्ही पक्षांची संमती असावी लागते. वाघाच्या वतीने ती देणारे कोणीतरी हवे, म्हणून ते पोर.

सह्याद्रीतील हा करार जिवंत जनावराशी आहे आणि तो मुख्यतः गुरांपुरता आहे. माणूसच मारला गेला तर काय, हा प्रश्न पूर्वेकडे, सातपुड्याच्या आणि मैकलच्या रानांत निराळ्या रीतीने सोडविलेला दिसतो. मध्य प्रांतातील जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बैगा पुजाऱ्याच्या एका विधीचे वर्णन आहे. वाघाने माणूस मारला म्हणजे त्याचे भूत वाघाच्या डोक्यावर बसून त्याला पुन्हा त्याच गावाकडे आणते, अशी समजूत मध्य हिंदुस्थानात सर्वत्र होती. म्हणून बैगा त्या जागी जातो. रक्ताने भिजलेल्या मातीचा तो लहानसा शंकू करतो. तो शंकू म्हणजे मेलेला माणूस, किंवा त्याचा एखादा जिवंत नातलग. मग बैगा स्वतः हातापायांवर रांगत वाघ होतो, झडप घालतो आणि ती माती दातांत धरतो. बरोबरच्यांपैकी एकजण पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारतो. त्यासरशी बैगा माती सोडतो. ती वारुळात ठेवतात आणि तीवर डुक्कर बळी देतात. दुसऱ्या दिवशी कोंबडीच्या पिलाच्या डोक्यावर मृताच्या नावाची खूण गेरूने काढून ते रानात सोडतात, आणि हे घे व घरी जा, असे मृताला सांगतात.

हे वाचताना अंगावर काटा येतो खरा. परंतु त्यातील विचार पाहावा. वाघाला मारण्याची गोष्ट येथेही नाही. जे घडले ते सर्वांसमक्ष पुन्हा घडवावयाचे, आणि या वेळी घास सोडवून घ्यावयाचा. मागे राहिलेल्यांना पुन्हा त्याच वाटेने सरपण आणावयास जावयाचे असते. पाय उचलण्यापूर्वी त्या जागेची भीती कोणीतरी काढून घ्यावी लागते. बैगाचे काम तेवढेच होते आणि ते लहान नव्हते. गावकरी त्याला ठरलेले धान्य देत ते त्यासाठीच.

चंद्रपूरचे प्रसिद्ध ताडोबा अरण्यही अशाच एका मृत्यूचे नाव धारण करते. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला आणि त्याचाच देव झाला, अशी तेथील कथा आहे. तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे असून पौषात तेथे जत्रा भरण्याची प्रथा होती. येथे देव झाला तो वाघ नव्हे, वाघाने नेलेला माणूस. १९५५ साली ते रान राष्ट्रीय उद्यान झाले. आज मोटारीतून वाघ पाहावयास येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की, उद्यानाच्या फलकावर लिहिलेले नाव वाघाच्या बळीचे आहे?

हाच व्यवहार बंगालच्या सुंदरबनात पूर्ण कथारूपाने आढळतो. तेथे वाघाचे रूप घेणारा दक्षिण राय हा रानाचा मालक आहे. मध आणि मेण यांच्या लोभाने एक व्यापारी दुखे नावाच्या गरीब विधवेच्या मुलाला रानात नेतो आणि दक्षिण रायाला देऊ करतो. मुलगा बोनबीबीचा धावा करतो. ती येऊन त्याला सोडविते. दक्षिण रायाचा नाश मात्र ती करीत नाही. रान वाटून दिले जाते. गरजेपुरते घ्यावे आणि लोभ धरून रानात शिरू नये असा दंडक घातला जातो. बोनबीबीला हिंदू आणि मुसलमान दोघेही मानतात, कारण मध काढावयास दोघेही एकाच होडीतून जातात. येथेही एक पोर, एक आई आणि मध्यस्थी करणारी एक स्त्री. वारली पाडा आणि गंगेचे मुख यांत शेकडो कोसांचे अंतर असता कथेचा सांगाडा इतका जुळावा हा योगायोग असेल. पण अडचण एकच असली म्हणजे तोडगाही एकसारखाच सुचतो, हे अधिक संभवते.

या जुन्या व्यवस्थेवर पहिला मोठा आघात इंग्रजी अमलात झाला. वाघ हा शेतीचा शत्रू ठरला आणि त्याच्या मुंडक्यावर बक्षिसे लागली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले. बिबळ्यांची संख्या याहूनही मोठी होती. संस्थानिकांच्या शिकारी निराळ्या. ग्वाल्हेरच्या जुन्या मंडळींना त्याविषयी काही सांगणे न लगे. पुढे उलट दिशेने चक्र फिरले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. वाघ वाचला तो यामुळेच, यात शंका नाही. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. तोवर वाघ रानाचा होता. आता तो सरकारचा झाला. देवाने गाय नेली तर देवाशी भांडता येत होते. सरकारच्या वाघाने नेली म्हणजे पंचनामा, अर्ज, छायाचित्र आणि कचेरीचे खेटे. नुकसानभरपाई ही खरे पाहता वाघोबाच्या वाट्याचीच उलटी बाजू आहे : पूर्वी गाव वाघाचा वाटा देई, आता वाघाच्या वतीने सरकारने गावाला द्यावयाचा. तो वेळेवर आला तर करार टिकतो.

नव्या व्यवस्थेला रान नीट न समजल्याची एक गोष्ट जुन्नरला घडली. तेथे उसाच्या शेतांत बिबळे राहू लागले, तेव्हा त्यांना पकडून दूरच्या रानांत सोडण्याची मोहीम निघाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोहिमेपूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चार होते; मोहिमेनंतर, २००१ ते २००३ या काळात, ते सतरावर गेले. ठाण्यावरून उठविलेले जनावर अनोळखी मुलखात बिथरले, असे दिसते. याच संशोधकांनी शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून मोजणी केली. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसांच्या वस्तीत, ऊस आणि भाजीपाल्याच्या शेतांमधून, दर शंभर चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास प्रौढ बिबळे आणि तितकीच तरसे राहत असल्याचे त्यांना आढळले. ही संख्या राखीव रानालाही शोभणारी आहे. त्या तालुक्यात वाघोबाची ठाणीही आहेत.

यावरून पूजेमुळे वाघ माणसाला खात नाही असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. शहरातील काही निसर्गप्रेमी मंडळी तसा काढतातही. जुन्नर-शिरूर भागात अलीकडच्या वर्षांतही बिबळ्यांनी माणसे मारली आहेत, त्यांत लहान मुले आहेत, आणि ज्या घरातील मूल गेले त्या घराला वाघोबाची गोष्ट सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पूजा करणारे स्वतःही असा दावा करीत नाहीत. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यातील वारली समाजाच्या वाघोबाविषयी एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला; त्यात दीडशेच्या वर ठाण्यांची नोंद आहे. गोरेगावजवळ आरे वसाहतीच्या पाड्यांतही वाघोबा आहे, आणि रात्री बिबळाही आहे. या ठाण्यांभोवती राहणारे लोक एवढेच मानतात की, हे जनावर येथे राहणार हे आधीच ठरलेले आहे. त्याने इथे असावे की नसावे हा प्रश्न त्यांच्यापुढे नाही. कसे राहावे एवढाच आहे.

गोव्यात मात्र हा प्रश्न जिवावर बेतला. सह्याद्रीला लागून असलेल्या काणकोण, सांगे, सत्तरीच्या गावांत वाघाची पूजा जुनी आहे. तेथे देवाचे नाव वाघ्रो. सत्तरी तालुक्यातच १९९९ साली म्हादई अभयारण्य जाहीर झाले. कागदावर सीमा आखली गेली. तिच्या आत गावे राहिली, गोठे राहिले, गुरे चारणारी कुटुंबे राहिली. सीमेच्या पलीकडे खानापूरचे भीमगड आणि त्यापुढे दांडेलीकडची काळी नदीची राने सलग पसरलेली आहेत, आणि वाघ तिकडून इकडे येतात-जातात. त्यांना राज्याची हद्द ठाऊक नाही. जानेवारी २०२० मध्ये याच अभयारण्यातील गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे अशा चार वाघांची कलेवरे सापडली. वाघांनी गुरे मारली होती आणि मेलेल्या गुरावर विष घालण्यात आले होते, असे तपासात पुढे आले. गुरे राखणाऱ्या एका कुटुंबातील माणसांना अटक झाली. ज्यांचे सारे धन चार पायांवर उभे असते अशा घरांपैकी ते घर होते. नुकसानभरपाईतील दिरंगाईची तक्रार त्या भागात आधीपासूनच होती.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये आदेश दिला की, म्हादई आणि लगतचे क्षेत्र तीन महिन्यांत व्याघ्र राखीव म्हणून जाहीर करावे. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. वाद मुख्यतः एकाच गोष्टीवरून चालला : कोणती गावे आत, कोणती बाहेर, आणि रेघ नेमकी कोठून न्यावयाची.